रजिस्टरातले चार ग्लास

हे दुरुस्त करू नका असं मला सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्याच त्या. शेवंताबाई. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी ब्याऐंशीचा आहे. आमच्या धंद्यातली माणसं म्हातारपणी लिहायला बसली की आपल्या अचूक निदानांबद्दल लिहितात. तशी पाच-पंचवीस माझ्याहीकडे आहेत. पण माझ्या हाताने एकदा एका रजिस्टरात एक अंक खोटा लिहिला गेला. खरं तर ‘लिहिला गेला’ हेही खोटंच. मी लिहिला. तो दुरुस्त केल्याशिवाय बाकीचं काही लिहायला पेन उचलवत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. धंतोलीतल्या एका खाजगी तपासणी केंद्रात मी एक्स-रे पाहायचो. केंद्राचे मालक स्वतः डॉक्टर, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. त्यांनी हौसेने सोनोग्राफीचं मशीन आणलं. ते चालवायला शिकण्यासाठी मला पंधरा दिवस मुंबईला पाठवलं आणि परत आल्यावर माझा हार घालून सत्कार केला. नागपुरात तेव्हा हे यंत्र फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. एक छोटा काळा पडदा, त्यावर पांढरे-करडे ठिपके. पाहायला आलेले लोक म्हणायचे, टीव्हीला अँटेना नाही वाटतं.

या मशीनची एक अट असते. पोटाच्या खालच्या भागातलं काही पाहायचं असेल, तर पेशंटची लघवीची पिशवी गच्च भरलेली लागते. मशीन आवाज आत पाठवतं, कानाला ऐकू न येणारा, आणि परत येणाऱ्या पडसादाचं चित्र काढतं. पाण्यातून आवाज सरळ जातो. मध्ये आतडी आणि त्यांतला वारा आला की सगळं धूसर. भरलेली पिशवी म्हणजे आम्हा लोकांची खिडकी. तेव्हा प्रत्येक पेशंटला पाच-पाच ग्लास पाणी पाजायचं, तासभर बसवायचं, आणि नेमक्या घडीला आत पाठवायचं, एवढ्या कामासाठी एक माणूस लागणार होता. मोठ्या साहेबांनी एक्स-रे विभागातल्या आया शेवंताबाई यांना तिथे आणून बसवलं. तीन माठ, दोन स्टीलचे ग्लास, आणि वीस खुर्च्यांचा हॉल.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. चौथी पास. आवाज असा, की कुजबुजल्या तरी रस्त्यापलीकडच्या मेडिकलवाल्याला ऐकू जावं. महिनाभरात तो हॉल त्यांचा झाला आणि मी आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा पाहुणा.

पेशंट पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की इतकं पाणी काहून? मी वैज्ञानिक उत्तर द्यायचो आणि तो आणखी घाबरायचा. बाई म्हणायच्या, “विहिरीत वाकून आवाज देल्ला का कधी? कोरड्या विहिरीत देल्ला तं कसा फुटका येते? अन् भरलेल्या विहिरीतून कसा गोल येते? तसंच हाय. साहेब आवाज देते, पोट ओ देते. प्या.” आणि पेशंट प्यायचा. मुंबईतल्या पंधरा दिवसांत मला हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

पिशवी किती भरली हे त्या बसण्यावरून ओळखायच्या. “गप्पा मारून राहिला म्हणजे रिकामा. घडीकडे पाह्यलं म्हणजे अर्धा. छताकडे पाह्यलं म्हणजे भरला. अन् माह्याकडे रागानं पाह्यलं म्हणजे उशीर झाला, साहेब, लवकर घ्या.” मग पडद्याआडून पुकारा व्हायचा: “सात नंबर, कळमेश्वर, पाच ग्लास, भरली!” मी रजिस्टरात नंबर, नाव, गाव आणि ग्लास लिहायचो. ग्लासांचा रकाना मीच आखला होता. पेशंटची तयारी कशी होती याची नोंद असावी, असं मुंबईच्या सरांनी सांगितलं होतं.

नागपूरचा उन्हाळा आला आणि आमच्या विज्ञानाचे हाल सुरू झाले. पाजलेलं पाणी पिशवीत जायच्या ऐवजी घामावाटे बाहेर यायचं. दहा-दहा ग्लास पिऊन लोक कोरडे. म्हणून हॉलमध्ये मोठा कूलर बसवला. आता खसच्या ताट्यांवरून पाणी टपटपायला लागलं आणि त्या आवाजाने भरलेली माणसं एकामागोमाग उठून पळायला लागली. शेवंताबाईंनी उपाय काढला. घरून ट्रान्झिस्टर आणला आणि तो मोठ्याने लावून ठेवला. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी आकाशवाणीने पावसाची गाणी लावली. आमचे पाच पेशंट गेले. बाई रेडिओला म्हणाल्या, “तुले दुसरं काही सुचत नाई का गा?”

आणि वीज जायची. सकाळी अकरा वाजता, हॉलमध्ये चौदा माणसं काठोकाठ, आणि आतलं मशीन मेलेलं. मी खोलीतून बाहेर यायलाही घाबरायचो, कारण चौदा जोडी डोळे एकदम माझ्यावर. अशा वेळी शेवंताबाई मधोमध उभ्या राहायच्या आणि निकाल द्यायच्या. “तू, अन् तू, अन् आजी तुमी. जा. पण अर्धी सोडा. अर्धी ठेवा. एक ते दहा मोजा अन् बंद करा.” लोक जायचे, बाहेरून मोजणीचा आवाज यायचा, आणि खरोखर अर्धी ठेवून परत यायचे. एक बँक मॅनेजर सातवरच थांबून आला आणि मला अभिमानाने सांगायला लागला. मी आजतागायत बऱ्याच परिषदांना गेलो. या पद्धतीबद्दल कुणी पेपर वाचला नाही.

नरखेडकडचे एक संत्र्याचे बागायतदार आले होते. मुतखड्याचा संशय. त्यांना चिठ्ठीवर ‘पाणी पिऊन येणे’ असं लिहून दिलं होतं, त्यांनी ते शब्दशः घेतलं. घरून आठ ग्लास पिऊन एसटीत बसले आणि काटोलच्या खड्ड्यांतून तसेच आले. आल्यावर बोलता येत नव्हतं. नुसतं बोट दाखवत होते. तपासणी झाली, मोकळे झाले, मग पडद्याजवळ येऊन चित्र पाहिलं. मी सांगितलं, हे काळं दिसतं ते पाणी.

त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, “म्हंजे जमिनीतलंबी दिसन?”

“नाही हो, हे फक्त शरीरातलं.”

“डॉक्टरसाहेब, तीन हिरी खंदल्या म्या. तिन्ही कोरड्या. पाणाड्या नारळ घेऊन फिरला अन् मले बुडवून गेला. तुमी एक चक्कर मारा. जीप पाठवतो.”

मी समजावत राहिलो, ते जीप पाठवत राहिले. शेवटी पडद्याआडून आवाज आला, “भाऊ, साहेब येतीन. पण हे मशीन लावाच्या आधी अंगाले जेली चोपडा लागते. तुमचं वावर किती एकराचं हाय?”

“अकरा.”

“मंग अकरा एकराले चोपडाची जेली आणा, लगेच येतो.”

ते हिशेब करत गेले. पुढच्या हंगामात त्यांनी केंद्राला संत्र्यांची पेटी पाठवली. वर चिठ्ठी, ‘शेवंताबाईस’. माझं नाव नव्हतं.

जेलीवरून आठवलं. ती कातडीवर लावावी लागते, नाहीतर मध्ये हवा राहते आणि काही दिसत नाही. आमची जेली बाहेरून यायची आणि महिन्यातून पंधरा दिवस यायचीच नाही. खोबरेल वापरून झालं, पॅराफिन वापरून झालं. एके दिवशी बाईंनी डब्यातून काहीतरी आणलं, काचेसारखं स्वच्छ, चिकट, गार. जवस उकळून गाळलेलं पाणी. “आमच्याकडे पोरीयच्या केसाले लावते,” म्हणाल्या. मी हसलो, पण लावून पाहिलं. चित्र झकास आलं. आम्ही तीन आठवडे जवसावर चाललो. मग मुंग्या आल्या. आधी टेबलाला, मग चादरीला, मग एका मुख्याध्यापिकेच्या पोटावर. त्या शिस्तीच्या बाई, ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “डॉक्टर, हे तपासणीचाच भाग आहे का?” त्याच सुमारास मशीन दुरुस्तीला कंपनीचा इंजिनीअर आला होता. जाताना तो एक बाटली भरून घेऊन गेला. त्याला मुंग्यांचं आम्ही सांगितलं नाही.

हे सगळं मी आज हसत लिहितो आहे. तेव्हाही हसत होतो. शेवंताबाईंबद्दल मित्रांना सांगताना एक वाक्य मी हमखास घालायचो: ‘मी तिच्या हातचाच चहा पितो.’ त्या बौद्ध. छप्पन साली त्यांच्या आईवडिलांनी दीक्षा घेतली होती. मला वाटायचं, हे वाक्य माझ्या मोठेपणाचं आहे. त्यात मोठेपण कसलं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

दसऱ्याच्या सुमारास त्या एक दिवस रजा घ्यायच्या, पांढरं लुगडं नेसून जायच्या. एकदा मी विचारलं, दिवसभर ग्लास भरभरून कंटाळा येत नाही का? म्हणाल्या, “साहेब, दीक्षेच्या वक्ताले मी बारा वर्षांची होती. माय मले म्हणे, तू पाणी वाट. त्या मैदानात दिवसभर वाटलं. जो आला त्यानं घेतलं अन् प्याला. त्याच्या आधी मी कोणाले पाणी देल्लंच नव्हतं. देल्लं तरी घेतलं नसतं कोणं.” मग ग्लास विसळत म्हणाल्या, “मले काहून कंटाळा येईन?”

आता पाटलीणबाई.

पारशिवनीच्या बाजूचं एक गाव, तिथले पाटील. मोठी शेती, राजकारणात पाय; त्या वर्षी ते निवडणुकीला उभे राहायच्या तयारीत होते. त्यांच्या पत्नीचं ओटीपोट दुखायचं, जड वाटायचं. त्या आल्या तेव्हा पाटील बाहेर जीपपाशी थांबले. शेवंताबाईंनी ग्लास पुढे केला.

पाटलीणबाई म्हणाल्या, “मले उपास हाय.”

“पाण्याचा नसते उपास.”

“निर्जळी हाय.”

“आज कोन्ती निर्जळी वं बाई? मंगळवार हाय साधा.”

आजूबाजूचे लोक पाहायला लागले तेव्हा पाटलीणबाईंनी ग्लास घेतला. त्यांच्या खुर्चीशेजारी क्रोटनची कुंडी होती. शेवंताबाई दुसऱ्या पेशंटकडे वळल्या की ग्लास कुंडीत. असे चार. चौथ्याला शेवंताबाईंनी पाहिलं. पाटलीणबाईंचा नंबर आला तेव्हा शेवंताबाई आधी एकट्याच आत आल्या आणि दार ओढून, माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “अकरा नंबर, पारशिवनी. चार ग्लास कुंडीले, शून्य बाईले.”

“म्हणजे?”

“माह्या हातचं नाई पेली. थेंब नाई. अन् येता येता बाथरूमलेबी जाऊन आली. काही दिसाचं नाई तुमाले. उद्या त्यायच्या घरचं पाणी आणाले सांगा.”

मी म्हटलं, आता आलीच आहे तर पाहू. मशीनचा प्रोब पोटावर ठेवला, आणि पडद्यावर काळीभोर, गोल, गुळगुळीत काठाची, ठासून भरलेली पिशवी. वर्षभरात इतकी सुंदर पिशवी मी पाहिली नव्हती. मी शेवंताबाईंकडे पाहून हसलो. “ही तुमची कोरडी विहीर?”

त्यांनी पडद्याकडे टक लावून पाहिलं. “साहेब, हे मूत नाई.”

“मग काय आहे?”

“ते मले काय माहीत. पण मूत नाई. पाहा नं, बाईकडे पाहा. छताकडे पाहून राहिली का? घडीकडे तरी पाहून राहिली का? आरामात झोपली हाय. इतकी भरली असती तं मले शिव्या देल्ल्या असत्या. एक डाव बाथरूमले धाडून पुन्हा पाहा. धा मिनटं लागतीन.”

दहा मिनिटं. एवढंच करायचं होतं. पुस्तकात लिहिलं आहे, मुंबईच्या सरांनी सांगितलं होतं, त्यानंतर मी स्वतः विद्यार्थ्यांना शेकडो वेळा सांगितलं: शंका आली की पेशंटला लघवी करून यायला सांगा. पिशवी रिकामी होते, गाठ तशीच राहते. पण बाहेर आठ माणसं भरून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मला शंका आलीच नव्हती. मला राग आला होता. मी म्हटलं, “मशीनपेक्षा तुम्हाला जास्त दिसतं का?”

मी अहवाल लिहिला, सर्व ठीक. मग रजिस्टर ओढलं. ग्लासांच्या रकान्यात शून्य लिहायला माझा हात धजेना. पिशवी भरलेली आणि पाणी शून्य, असं कसं लिहायचं? विज्ञानात असं बसत नाही. म्हणून मी आकडा पिशवीला शोभेल असा लिहिला. चार. तो त्यांनीच दिलेला होता, कुंडीचा. शेवंताबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

“कुंडीची सोनोग्राफी केली का, साहेब?” एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

चार महिन्यांनी पाटील आले. हातात कापडात गुंडाळलेली काचेची बरणी. मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली आणि कापड काढलं. औषधी पाण्यात एक सुरकुतलेली पांढरट पिशवी तरंगत होती. पाटलीणबाईंना शेतावर एकाएकी असह्य कळ आली होती. बीजकोशावरची गाठ पीळ पडून काळी-निळी झालेली. नागपुरात आणेपर्यंत बाई अर्ध्या बेशुद्ध. ऑपरेशन झालं, एक बीजकोश काढावा लागला, जीव थोडक्यात वाचला. गाठ पुढच्या तपासणीला न्यायची म्हणून इस्पितळाने बरणी दिली, ती पाटील आधी आमच्याकडे घेऊन आले.

“पपईएवढी होती,” पाटील म्हणाले. “हे तुमच्या मशीनले दिसत नाई? मंग काय दिसते? बातम्या?”

मोठ्या साहेबांनी चहा मागवला आणि मला बोलावलं. मी बरणीकडे पाहिलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. ती काळीभोर, गोल, गुळगुळीत काठाची. तिथेच, उभ्या-उभ्या, मला एक वाक्य सुचलं. ते कुठून आलं, माहीत नाही. मी म्हटलं, “पिशवी गरजेपेक्षा जास्त भरलेली असली, की मागची गाठ झाकली जाते. पेशंटला फार पाणी पाजलं गेलं असावं.”

रजिस्टर आलं. अकरा नंबर, पारशिवनी, चार ग्लास. खाली माझी आद्याक्षरं.

शेवंताबाईंना बोलावलं. मोठे साहेब म्हणाले, “या पेशंटला तू चार ग्लास पाजलेस?”

“मी शून्य सांगितलं होतं.”

“इथे चार आहेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरणीकडे पाहत होतो. मग त्या पाटलांकडे वळल्या. “पाटीलसाहेब, तुमच्या घरात इचारा. त्यायनी पेलं का माह्या हातचं पाणी?”

पाटलांना माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसलं. गाडीत बसताच बायकोने सांगितलं असणार. पण दाराशी आमचा कंपाउंडर आणि दोन पेशंट उभे होते, निवडणूक तोंडावर होती, आणि गावातली दीडशे घरं शेवंताबाईंच्या समाजाची होती. माझी बायको या बाईच्या हातचं पाणी पीत नाही, असं ते म्हणणार कसे? त्यांनी छताकडे पाहिलं.

“पेली असन,” ते म्हणाले. “मी बाहीर होतो.”

म्हणजे असं झालं: जिने एक थेंब पाणी पाजलं नव्हतं, तिला फार पाणी पाजल्याबद्दल काढायचं ठरलं. जे जाणत होते ते दोघे पुरुष समोरच होते, एकाला निवडणूक होती, दुसऱ्याला पदवी. मोठ्या साहेबांनी रजिस्टरातच शेरा लिहायला घेतला: आयेच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे. पाटलांची केंद्राविरुद्ध तक्रार राहिली नाही.

“थांबा,” शेवंताबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता कुंडीचं सांगतील. मी खुर्चीची दांडी धरली.

“मी आत्ताच्या आत्ता जाते. पण शेरा बरोबर लिवा. लिवा, पाटलीणबाईनं शेवंताबाईच्या हातचे चार ग्लास पाणी पेले. अन् त्याच्याखाली पाटलाची सही घ्या.”

“माझी कायले?” पाटील म्हणाले.

“तुमची बायको पेली नं? आत्ताच बोल्ले नं तुमी? मंग द्या सही.”

मोठ्या साहेबांना हे चालण्यासारखं वाटलं. उलट पुरावा पक्काच होत होता. त्यांनी लिहिलं. पाटलांपुढे रजिस्टर सरकवलं. पाटलांनी वाचलं. कपाळावर घाम आला. “‘शेवंताबाईच्या हातचे’ हे लिहाच लागते का? ‘चार ग्लास’ एवढं पुरे नाई का?”

मोठे साहेब भाबडेपणाने म्हणाले, “मग कोणाच्या हातचे, पाटील?”

दाराशी आता चार माणसं झाली होती. पाटलांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. चहा गार झाला. शेवटी सही केली, लांबलचक, गावाच्या नावासकट. शेवंताबाईंनी वाकून सही नीट वाचली. अक्षर अन् अक्षर. मग हॉलमध्ये जाऊन ट्रान्झिस्टर उचलला आणि गेल्या. जाताना हसत होत्या. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं, अपमानाने डोकं फिरलं.

मी काही केलं नाही. म्हणजे, केलं: पुढच्या वर्षी माझी पगारवाढ झाली. ऐकत होतो, की बाई घरोघरची भांडी घासतात, दोन दवाखान्यांत गेल्या तर ‘निष्काळजी’ म्हणून घेतलं नाही. त्या दवाखान्यांचे डॉक्टर माझे मित्र. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या तोंडाशी अनेकदा आला. या मशीनचे पुढे काय काय वाईट उपयोग झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे, ती वेगळी आणि मोठी लाज आहे. ही माझी स्वतःची, एका आकड्याची.

ते दशक संपत आलं तेव्हा मलाच लघवीचा त्रास सुरू झाला. प्रोस्टेट. तपासणी करायला हवी होती, पण आपल्याच केंद्रात, आपल्याच माणसांसमोर झोपायची लाज वाटली. नंदनवन वस्तीत माझ्या एका विद्यार्थ्याने नवीन केंद्र काढलं होतं. दुपारी रिक्षा करून गेलो. हॉलमध्ये शिरलो आणि रस्त्यापलीकडे जाईल असा आवाज ऐकला: “ओ काका, पायावर पाय नका टाकू!”

शेवंताबाई. अंबाडा पांढरा झालेला. विद्यार्थी मला बाहेर घ्यायला आला होता, म्हणाला, “सर, या बाई माझा खजिना आहेत. कुठून तरी काढून टाकलं होतं त्यांना. कुणी मूर्ख असणार.” मी हो म्हटलं.

बाईंनी मला ओळखलं. नाव विचारलं नाही. “बसा साहेब,” म्हणाल्या, आणि ग्लास दिला. मी प्यायलो. दुसरा दिला, तोही प्यायलो. पाचव्यानंतर मी म्हटलं, “शेवंताबाई, मला तुमच्याशी बोलायचं आहे.”

“आत्ता नाई. बोल्ल्यानं जोर येते.”

मी बसलो. अर्धा तास. इतकी वर्षं दाबलेलं बोलणं आणि सव्वा लिटर पाणी, दोन्ही घेऊन बसलो. भोवती दहा-बारा माणसं आपापल्या यातनेत. शेवटी राहवेना. उठलो, गुडघे एकमेकांना लावून उभा राहिलो आणि एका दमात बोललो. “शून्य होतं. मी चार लिहिले. गाठ मला ओळखता आली नाही, तुम्ही ओळखली होती. मी उद्याच मोठ्या साहेबांना लिहून देतो. तो आकडा खोडतो. शेरा खोडतो. पाटलांनाही पत्र लिहितो.”

एक जण हसला आणि लगेच पोट धरून थांबला.

मला वाटलं होतं, शेवंताबाई रडतील, किंवा शिव्या देतील. दोन्हीची तयारी होती.

“खोडू नका,” त्या म्हणाल्या.

“पण ते खोटं आहे.”

“मले माहीत हाय खोटं हाय. पाटलालेबी माहीत हाय. त्याच्या बायकोलेबी माहीत हाय. म्हणून तं सही घेतली.” आवाज त्यांनी पहिल्यांदाच खरोखर खाली आणला. “त्यायच्या घरात कोणी काही म्हणो, कागदावर त्या बाईच्या पोटात माह्या हातचे चार ग्लास हायेत. पाटलाच्या सहीनं. साहेब, नोकरी मले दुसरी भेटली. ते चार ग्लास मले कुठी भेटतीन?”

रिकामा ग्लास अजून माझ्याच हातात होता. त्यांनी तो काढून घेतला, विसळला, माठात बुडवून भरला, आणि कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ पाणी नको नको म्हणत होते, त्यांच्याकडे गेल्या.